जरा स्पॅनिशमध्ये रडा

"छान झालं. आता तेच पुन्हा, फक्त जरा स्पॅनिशमध्ये रडाल का?"

कॉर्टनीनं हे इतक्या मऊ आवाजात विचारलं, की पाणी हवंय का असंच कुणी विचारतंय असं नोएमीला क्षणभर वाटलं आणि ती "हो, चालेल ना," म्हणून गेली. मग तिच्या लक्षात आलं, आपल्याला काय विचारलंय ते आपल्याला कळलेलंच नाही. ऑडिशनच्या खोलीच्या मधोमध, गालिच्यावर चिकटवलेल्या निळ्या पट्टीच्या फुलीवर ती उभी होती. मघाच्या रडण्याचं पाणी अजून हनुवटीवर होतं. ते कुठल्या भाषेत आलं होतं? त्यात तर एकही शब्द नव्हता. श्वास होता, घशात अडकलेलं काहीतरी होतं, आणि शेवटी एक बारीक आवाज, कुणीतरी आतून दार लोटून घेतल्यासारखा. खिडकीबाहेर जॅकरांडा फुलला होता. मे महिना. दहा वाजून गेले तरी समुद्रावरून आलेलं धुकं उठलं नव्हतं, आणि त्या राखाडी उजेडात जांभळी फुलं झाडावर नसून नुसती हवेत टांगल्यासारखी दिसत होती. तिला वाटलं, मीही तशीच आहे. लोकांना मी दिसते, फांदी दिसत नाही.

"म्हणजे कसं?" तिनं विचारलं.

कॉर्टनी अवघडली. ती या मालिकेची दिग्दर्शक होती, नोएमीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि मनानं चांगली. नोएमी आल्याबरोबर तिनं स्वतः उठून खुर्ची पुढे केली होती. "म्हणजे... मोकळं. आत्ता तुम्ही आवरून धरताय. तुमच्याकडे आया कशा रडतात, तसं. खरं."

तुमच्याकडे. नोएमीचा जन्म इथून नदीपलीकडच्या बॉईल हाइट्स या मेक्सिकन वस्तीतला. गाडीनं गेलं तर अर्धा-पाऊण तास. पण 'तुमच्याकडे' नावाचं ते दुसरं गावही तिला चांगलं ठाऊक होतं, बावीस वर्षं ती तिथेच तर राहत होती. पडद्यावरच्या त्या गावात बायकांना आडनावं नसतात. त्या दारं उघडतात, चादरी बदलतात, पोलिसांना 'मी काही बघितलं नाही साहेब' म्हणतात, आणि पोरगा मेला की गुडघ्यावर बसतात. या खेपेच्या कागदावरही तिच्या पात्राला नाव नव्हतं. 'मातेओची आई' एवढंच, आणि त्याखाली: डॉक्टर मान हलवतो. आई कोसळते. आक्रोश.

ती कोसळली. गुडघे कसे टेकले म्हणजे लागत नाही पण धप्प आवाज होतो, हे तिच्या हाडांना पाठ होतं. 'माझ्या बाळा' हे शब्द तिनं पोटातून ओढून काढले, छातीवर मूठ मारली, आवाज वर नेला आणि वरच्या टोकाला तो फाटू दिला. टेबलापलीकडे बसलेल्या तिघांपैकी एकानं डोळे टिपले. ती उठून उभी राहिल्यावर कॉर्टनी हळूच म्हणाली, "यामागे तुमचं स्वतःचं काही आहे का? सांगायचं नसेल तर राहू द्या."

"माझा भाऊ गेला. एकोणीस वर्षांचा होता."

तिघंही पुढे झुकले. "कशानं?"

"छपरावरून पडला. पॅसडीनात एका घराचं छप्पर घालत होते."

"अरेरे," कॉर्टनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं दुःख खरं होतं, पण त्याच्या कडेला बारीकशी निराशाही होती. मातेओला गोळी लागते. एफ्राइनला कुणी मारलं नव्हतं. भर दुपारी, डांबरी कागदाची गुंडाळी खांद्यावर घेऊन तो मागे सरकला होता, आणि मागे छप्पर संपलेलं होतं. त्यात 'तुमच्याकडचं' असं काहीच नव्हतं.

खाली येऊन ती गाडीत बसली तेवढ्यात एजंटचा, डेनिसचा, फोन आला. "घेतलं तुला! चार भाग, नोएमी, चार! सोमवारपासून शूटिंग. काय केलंस काय तिथे?"

"रडले."

"तेच तर! तुझ्यासारखं रडणारं या गावात कुणी नाही."

फोन बंद करून ती तशीच बसून राहिली. काचेवर जांभळी फुलं पडत होती, एकेक, आवाज न करता. तिला आनंद झाला होता, हे ती नाकारणार नव्हती. चार भाग म्हणजे चार भाग. पण तो आनंद शेजारच्या गाडीत लावलेल्या रेडिओसारखा येत होता, कुणा दुसरीचा. गाडी रस्त्याला लागली आणि नदीच्या दिशेनं आपोआप वळली. पुढे पुलाचे खांब धुक्यात अर्धवट उगवलेले होते. एकविसाव्या वर्षी तिला पहिलं काम मिळालं ते मोलकरणीचं, एक ट्रे, एक वाक्य. ते पाहायला आईच्या, म्हणजे अमाच्या, घरी शेजारपाजार जमला होता. अमा टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसली होती, आणि नोएमी ट्रे घेऊन आली तशी सगळ्यांना गप्प करून म्हणाली होती, "बघा, बघा, ॲप्रनची पट्टी! उलटी टीप मारलीये मेल्यांनी." अमा शहराच्या मध्यात, आठव्या मजल्यावरच्या एका कारखान्यात कपडे शिवायची. लेकीच्या अभिनयावर ती कधी काही बोलली नाही, पण तिच्या गणवेशांवर बोलली. नर्सचा कोट खांद्यात मोठा होता. कैदी बाईच्या शर्टाला काज नव्हतं. एकदाच, फक्त एकदाच, नोएमी न्यायाधीश झाली होती, अकरा सेकंद, 'आक्षेप फेटाळला' एवढं म्हणायला, आणि तो काळा झगा पाहून अमा म्हणाली होती, "हा मात्र मापाचा आहे." मधल्या वर्षांत कुणी म्हणालं, तू पुरेशी मेक्सिकन दिसत नाहीस. कुणी म्हणालं, जरा जास्तच दिसतेस. एकानं तिचं इंग्रजी 'बिघडवायला' शिक्षक ठेवला. तो उंच, गोरा, ओहायोचा माणूस तिच्या समोर बसून तिच्या वडिलांसारखं बोलून दाखवायचा आणि तिनं त्याची नक्कल करायची. ती नक्कल करताना तिला आपले वडील दिसायचे, पण लांब, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, आणि ते तिला ओळखत नसायचे.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी तिनं कधीही कुठल्या खोलीत बाहेर काढली नव्हती. ती चौदा वर्षांची. एफ्राइनला पेटीत ठेवलेलं. सूट जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला. लोक बाहेर जपमाळेच्या प्रार्थना म्हणत होते, आणि अमा आत गेली, पर्समधून सुई-दोरा काढला, आणि एफ्राइनच्या मानेवर वाकून त्याच्या शर्टाची कॉलर नीट करू लागली. न बोलता. न रडता. मधे एकदा तिनं दोरा दातानं तोडला तेव्हा तिचा गाल त्याच्या गालाला लागला. नोएमी दारात उभी होती. आपली आई ही अशी आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि ते तिनं आयुष्यभर पोटाशी धरून ठेवलं. दर वेळी गुडघ्यांवर कोसळताना ती मनातल्या मनात म्हणायची: ही खोटी. खरी बाई कॉलर शिवते. पूल ओलांडताना तिनं ठरवून टाकलं, या वेळी सांगायचं. कॉर्टनी ऐकून घेईल. आक्रोश नको, मला सुई द्या. फक्त अमाला विचारायला हवं.

अमा अंगणात भाजीसाठी निवडुंगाची पानं साफ करत बसली होती. एका हातात पान, दुसऱ्या हातात सुरी, मांडीवर वर्तमानपत्र, आणि त्यावर काट्यांचा चुरा. "आलीस? बस. हात लावू नकोस, मागच्या वेळी काटा घालून घेतलास आणि आठवडाभर माझं डोकं खाल्लंस."

"अमा, काम मिळालं."

"कोण मेलंय?"

"मुलगा."

"परत?" अमानं पान उलटं केलं. "तुझ्या पोरांना मरण्यावाचून दुसरं काही येत नाही का गं? एखादा शिकून डॉक्टर वगैरे होऊ दे की."

नोएमी हसली. मग हसताहसताच म्हणाली, "मला तुझी परवानगी हवीये."

"आक्षेप फेटाळला," अमा म्हणाली. त्या अकरा सेकंदांनंतर हे तिचं ठरलेलं उत्तर होतं, मीठ मागितलं तरी.

"नीट ऐक ना. एफ्राइनच्या वेळी तू त्याची कॉलर शिवलीस. मी पाहिलं होतं. मला ते तिथे करायचंय. त्यांना ओरडणारी आई हवीये, आणि मला दाखवायचंय की आपल्या बायका तशा नसतात. तू नव्हतीस तशी. तू एक आवाज काढला नाहीस."

सुरी थांबली. अमानं चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं, एखादं कापड उजेडात धरून पाहावं तसं.

"कॉलर वाकडी होती," ती म्हणाली. "दिवसाला शंभर-सव्वाशे कॉलरी लावणारी बाई मी, आणि माझ्या पोराची कॉलर वाकडी? हाताला तेवढंच येत होतं, ते केलं. त्यात काय मोठं?"

"पण तू रडली नाहीस."

"तुझ्यासमोर नाही. तुझे बाबा आधीच भिंतीला डोकं लावून बसलेले. मी पण सुरू केलं असतं, तर तुला जेवायला कुणी घातलं असतं?" तिनं पुन्हा पान खरवडायला घेतलं. "पुरल्यावर तिसऱ्या दिवशी कामावर गेले. शाळेच्या पोरांचे शर्ट होते, पांढरे. पहिली कॉलर घेतली मशीनखाली, आणि सुरूच झालं. थांबेचना. मालक काचेच्या खोलीत बसलेला, तो असल्या गोष्टीला लगेच घरी पाठवायचा. एनग्रासिया माझ्या शेजारी असायची, आठवते ना, जाडी, सोनेरी दाताची? तिनं बघितलं. आपल्या मशीनखालचं कापड ओढून काढलं आणि पाय दाबून धरला. नुसती मशीन चालवली, मोकळी. मग तोमासानं. मग पलीकडच्या ओळीनं. चाळीस मशिनं, पोरी, आणि एकाखाली कापड नाही! असा दणका, की जमीन हलत होती. मालक आतून खूश, आज बायका काय कामाला भिडल्यात म्हणून."

अंगणातल्या दोरीवर चादर वाळत होती आणि धुकं आता तिच्यावरून उठत होतं.

"मग मी बसले खाली. जमिनीवर. छाती बडवली, केस ओढले, कुत्र्यासारखी रडले. तुला ज्यांची लाज वाटते ना, त्या तुझ्या टीव्हीतल्या बायका? अगदी तश्शी."

"मला लाज वाटत नाही."

"वाटते. मला टीव्ही दिसतो, तशी तूही दिसतेस." अमानं हे रागानं नाही, टीप उसवावी इतक्या सहज म्हटलं. "आणि मी एकटी नव्हते. आवाज झाकला जातोय म्हटल्यावर सगळ्याच लागल्या. एनग्रासियाची पोरगी सीमेपलीकडे साकातेकासला आजीकडे ठेवलेली, नऊ वर्षं पाहिलेली नव्हती. तोमासाचं काय ते तिनं कधी सांगितलंच नाही. एफ्राइन नुसतं निमित्त झाला."

"किती वेळ?"

"घड्याळ लावून रडतात का? तुमच्या सिनेमात रडत असतील."

आत जाऊन नोएमीनं तोंडावर पाणी मारलं. न्हाणीघराच्या आरशात तिला जो चेहरा दिसला, तो इतक्या जणींना भाड्यानं देऊन झाला होता, की आता त्यात कोण आहे ते चटकन सांगता येईना. एकोणतीस वर्षं तिनं एक गप्प, ताठ बाई सांभाळली होती. ती बाई खोटी नव्हती. दारातून चौदा वर्षांच्या मुलीला जेवढी दिसली तेवढी ती होती. पण बाकीची आठव्या मजल्यावर होती, फरशीवर, केस सुटलेली, आणि तिच्याभोवती चाळीस बायका पाय दाबून बसलेल्या. ज्या आवाजाला ती इतकी वर्षं परक्यांनी आपल्यावर लादलेला आवाज समजत होती, तो तिच्या घरातलाच होता. फक्त तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून केवढी खटपट केलेली होती. तिला एकदम असं वाटलं, की आपण आयुष्यभर एका बंद दारासमोर उभं राहून दाराचीच नक्कल करत आलो.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "हे मी त्या दिग्दर्शक बाईंना सांगू? मशिनांचं?"

"नको." अमानं मान वर केली नाही. "माझं एकटीचं असतं तर म्हटलं असतं, जा घेऊन. ते त्या सगळ्यांचं आहे. निम्म्या मेल्यासुद्धा, कुणाला विचारणार?"

"मग मी करू काय तिथे?"

"काम मिळालंय ना? मग जा आणि कर. अंग राखून करू नकोस. अर्ध्या मनानं लावलेली कॉलर लांबून कळते." तिनं साफ केलेली पानं लेकीच्या हातात दिली. "ही चीर. बारीक. आणि कांदा मी चिरते, तू उगाच रडशील."

सोमवारी शूटिंग एका बंद पडलेल्या इस्पितळात होतं. तिसऱ्या मजल्यावरचा लांब बोळ, हिरवट भिंती, आणि भिंतीलगत बाकांवर गर्दीच्या कामासाठी आणलेल्या बारा बायका. नोएमी आली तेव्हा त्या ओळीनं बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. कुणी एल साल्वादोरची, कुणी पुएब्लाची, कुणी इथलीच, चार गल्ल्या पलीकडची. साठीची एक बाई सफाईवालीच्या निळ्या झग्यात, हातात कोरडा पोछा घेऊन भिंतीशी उभी होती. कॉर्टनीचा मदतनीस त्यांना बजावत होता, "कॅमेरा चालू असताना आवाज नाही. बोलायचं तर नुसते ओठ हलवायचे. आवाज केला तर घरी जावं लागेल, मग मला दोष देऊ नका." बायकांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या किती जणींनी किती वर्षं असे नुसते ओठ हलवले असतील, असं नोएमीच्या मनात आलं, आणि आपल्याला तेवढी वाक्यं मिळाली म्हणजे आपण किती नशीबवान, असंही आलं, आणि दोन्ही विचार एकमेकांना न ओळखता शेजारून निघून गेले.

पहिला टेक बरा झाला. दुसरा त्याहून. कॉर्टनी जवळ येऊन म्हणाली, "सुंदर. मला फक्त असं वाटतंय, की तुम्ही अजून कुणाची तरी परवानगी मागताय." बाई हुशार होती. नोएमी म्हणाली, "एकदा अजून करू या."

तिसऱ्या वेळी डॉक्टरनं मान हलवली, आणि तिनं एफ्राइनला बोलावलं नाही. कुणालाच बोलावलं नाही. गुडघे टेकले तेव्हा ते लागले, चांगलेच लागले. आवाज आला तो तिनं वर नेला नाही, फाडला नाही. तो स्वतःच कुठेतरी निघाला आणि ती त्याच्या मागून गेली. बोळ लांब होत चालला. दिवे पाण्याखाली गेल्यासारखे हलू लागले. आणि मग तिला ऐकू आलं, की तो आवाज दोन झालाय. दुसरा मागून येत होता, जाड, घोगरा, एकाच सुरात, जातं फिरावं तसा. मग बाकांच्या टोकाकडून आणखी एक, बारीक. तिचा आवाज आता सगळ्यांच्या पुढे नव्हता. तो मागे सरून त्यांच्यात जाऊन बसला होता, आणि त्याला तिथे जागा होती.

"कट!"

कानावरचं यंत्र काढून आवाजवाला म्हणाला, "मागून कुणीतरी आवाज केला. दोघी-तिघी होत्या."

मदतनीस बाकांसमोरून चालू लागला. "सांगितलं होतं ना, बाई? एवढं सोपं सांगितलं होतं. कोण होतं?" बारा बायका आपापल्या बुटांकडे पाहत राहिल्या. पोछावाली भिंतीला इतकी चिकटली होती की तिचा झगा आणि भिंत एकच वाटत होती.

"मी," नोएमी म्हणाली. ती अजून जमिनीवरच होती.

"तुमचा नाही, मॅडम. तुमचा वेगळा येतोय. हे मागून होतं."

"सगळे माझेच आहेत. मी अशीच रडते."

कॉर्टनीनं तिच्याकडे पाहिलं, मग बाकांकडे, मग परत तिच्याकडे. तिला कळलं की नाही, हे नोएमीला पुढेही कधी समजलं नाही. कॉर्टनी एवढंच म्हणाली, "मला हे हवंय. परत असंच येईल?"

"सांगता येत नाही. येईल तेवढं येईल."

"ठीक आहे. जागेवर या सगळे. आणि मागच्यांना आता काही सांगू नका," ती मदतनीसाला म्हणाली, "राहू द्या त्यांना."

दिवे हलवले जात होते तेवढ्या वेळात पोछावाली पुढे आली आणि नोएमीच्या गुडघ्यांपाशी फरशी पुसू लागली, कोरडीच. "माफ करा हं, ताई," ती ओठ न हलवता म्हणाली. "निघूनच गेलं तोंडातून. ठरवून नाही केलं."

"कुणासाठी?"

"बहीण होती. फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा रडायची सोय नव्हती." तिनं पोछा पिळल्यासारखं केलं. "तुम्ही माझं काम वाचवलंत."

"नाव काय तुमचं?"

"अमपारो. आणि ही शेवटी बसलीये ती बेर्ता. ती पण होती. आणि मधली, हिरव्या स्वेटरची, ती म्हणते, मी आत्ताच सुरू करणार होते, तोवर यांनी कट म्हटलं." अमपारोच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिनं ते लगेच पुसलं. "तिला एक संधी द्या बाई."

"जागेवर!" मदतनीस ओरडला. अमपारो आपल्या भिंतीकडे परत गेली. बाकांवर हालचाल झाली. कुणी पर्स मांडीवरून खाली ठेवली, कुणी पाय जवळ घेतले, कुणी घसा खाकरला. डॉक्टर झालेला नट दारामागे जाऊन उभा राहिला. कॅमेरा सुरू झाल्याचा बारीक गुणगुणाट आला. नोएमीनं दाराकडे पाहायचं होतं. तिनं आधी मान वळवून बाकांकडे पाहिलं, पहिली कोण रडायला लागणार, असं विचारल्यासारखं.